आशीर्वाद कुणाच्या मालकीचा?

१३ मार्च २०१३ ची संध्याकाळ. रोममधल्या सेंट पीटर चौकात पावसात ताटकळलेली प्रचंड गर्दी वरच्या सज्जाकडे डोळे लावून उभी होती. आर्जेन्टिनाचे कार्डिनल होर्हे मारियो बेर्गोलियो यांची पोप म्हणून निवड झाली होती आणि त्यांनी फ्रान्सिस हे नाव घेतलं होतं. रिवाज असा, की नव्या पोपने सज्जात यावं आणि रोम शहराला व साऱ्या जगाला आशीर्वाद द्यावा. फ्रान्सिस आले, दोन शब्द बोलले आणि मग लोकांनाच म्हणाले, की मी तुम्हाला आशीर्वाद देण्याआधी तुम्ही देवाकडे माझ्यासाठी आशीर्वाद मागा. एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. क्षणापूर्वी गजबजलेला चौक चिडीचूप झाला. आशीर्वाद त्यांनी नंतर दिलाच, पण आधी घेतला.

त्या प्रसंगाचं अनेकांना नवल वाटलं, कारण आशीर्वाद वरून खाली येतो हे आपण धरूनच चालतो. वयाने, मानाने, अधिकाराने मोठा असेल त्याने द्यायचा आणि धाकट्याने वाकून घ्यायचा. बायबलमध्येही हा प्रवाह आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात, लहानाला मोठ्याकडून आशीर्वाद मिळतो, हे उघड सत्य म्हणूनच मांडलं आहे. पण त्याच ग्रंथात दुसराही एक प्रवाह वाहतो, आणि ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या जगण्याशी त्याचाच संबंध जास्त आहे. आशीर्वाद देणारा हा त्याचा मालक नसतो, असं हा दुसरा प्रवाह सांगतो. एकदा हे मान्य केलं, की कुणी कुणाला आशीर्वाद द्यायचा याचं सगळं गणितच बदलतं.

या समजुतीचं मूळ फार जुनं आहे आणि त्याचा एक पुरावा चक्क हातात धरता येण्याजोगा आहे. १९७९ साली गॅब्रिएल बार्काय हे पुरातत्त्वज्ञ जेरुसलेमच्या जुन्या शहराच्या नैऋत्येला, केतेफ हिन्नोम नावाच्या जागी, खडकात कोरलेल्या थडग्यांचं उत्खनन करत होते. मदतीला शाळकरी मुलं होती. त्यांतला एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा सारखा मध्ये मध्ये करायचा. त्याला गुंतवून ठेवायला म्हणून बार्कायांनी एक कोनाडा साफ करायला दिला. पोराने कंटाळून हातोडीने तिथली जमीन ठोकली. ती फुटली आणि खाली शतकानुशतकं कुणाचा हात न लागलेला ऐवज सापडला. त्यात चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक सुरळ्या होत्या, गळ्यात बांधण्याच्या ताइतासारख्या. त्या न तुटता उलगडायला तज्ज्ञांना काही वर्षं लागली. मोठी सुरळी उलगडल्यावरसुद्धा दहा सेंटीमीटरची भरली नाही. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या अखेरच्या किंवा सहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मानल्या गेलेल्या या पत्र्यांवर जी अक्षरं कोरलेली होती, ती बायबलच्या गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातल्या आशीर्वादाशी जुळतात. बायबलच्या मजकुराशी जुळणारं याहून जुनं लिखाण आजवर हाती आलेलं नाही. राजांच्या वंशावळी नाहीत, युद्धांची वर्णनं नाहीत; सर्वांत जुना म्हणून टिकला तो कुणाच्या तरी गळ्यातला आशीर्वाद.

हा आशीर्वाद अहरोन आणि त्याच्या मुलांनी, म्हणजे याजकांनी, लोकांवर उच्चारायचा होता. मूळ हिब्रूत त्याच्या तीन ओळी आहेत. पहिलीत तीन शब्द, दुसरीत पाच आणि तिसरीत सात. देवाने सांभाळ करावा, इथपासून सुरुवात होते, देवाच्या मुखाचा प्रकाश पडावा म्हणून ती पुढे सरकते आणि शांतीपाशी येऊन थांबते. आजही मराठी मंडळ्यांमध्ये उपासनेच्या अखेरीस पाळक हात वर करतात तेव्हा अनेकदा हेच शब्द कानी पडतात. पण त्या अध्यायातलं शेवटचं वाक्य सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. याजकांनी लोकांवर माझं नाव ठेवावं आणि आशीर्वाद मी देईन, असं देव तिथे स्वतः सांगतो. याजकाकडे फक्त उच्चार सोपवला आहे, देणारा दुसराच.

याच्या उलट वाटावी अशीही एक कथा आहे. म्हाताऱ्या, डोळ्यांनी अधू झालेल्या इसहाकाकडून धाकट्या याकोबाने थोरल्या एसावाचं सोंग घेऊन आशीर्वाद लाटला. एसाव शिकार करून, रांधून घेऊन आला तेव्हा उशीर झाला होता. तो ढसाढसा रडला, पण इसहाकाला दिलेले शब्द परत घेता आले नाहीत. आजच्या वाचकाला हे खटकतं. फसवून घेतलेला करार रद्द होतो, मग हा आशीर्वाद का नाही? जे. एल. ऑस्टिन या इंग्लिश तत्त्वचिंतकाची १९६२ साली पुस्तकरूपाने आलेली मांडणी इथे कामाला येते. काही बोलणं माहिती देण्यासाठी नसतं, बोलणं हीच तिथे कृती असते, असं तो म्हणतो. वचन देणं, जहाजाचं नाव ठेवणं ही त्याची उदाहरणं. आशीर्वाद त्याच जातीतला. आपल्याकडे हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तळतळाट लागतो, ही धास्ती मराठी मनात इतकी खोल आहे, की विधवेची जमीन हडपणाराही रात्री एकदा कूस बदलत असेल. गंमत अशी, की तळतळाटावर आपला जितका भरवसा आहे तितका आशीर्वादावर नाही.

पण शब्दांत एवढी ताकद मानली, की जादूटोणा फार लांब राहत नाही. बोलणारा जबरदस्त असला की झालं! हा समज बायबलने एका विनोदी कथेतून मोडून काढला आहे. इस्राएली लोकांचा तळ पाहून घाबरलेला मवाबचा राजा बालाक हा बलाम नावाच्या परदेशी द्रष्ट्याला बोलावणं धाडतो, शाप देण्याची दक्षिणाही पाठवतो. वाटेत देवदूत उभा असतो. तो गाढवीला दिसतो आणि द्रष्ट्याला दिसत नाही. ती तीनदा अडते, तीनदा मार खाते आणि शेवटी बोलूच लागते. पुढे बालाक एकामागून एक तीन जागा बदलतो, प्रत्येक ठिकाणी सात वेद्या बांधतो, बैल आणि मेंढे कापतो. बलाम तोंड उघडतो आणि दर वेळी शापाऐवजी आशीर्वाद बाहेर पडतो. राजा संतापून हात आपटतो. या बलामाचं नाव बायबलबाहेरही सापडलं आहे. १९६७ मध्ये जॉर्डनमधल्या देर अल्ला इथे भिंतीच्या गिलाव्यावर शाईने लिहिलेला मजकूर मिळाला, त्यात बौराचा मुलगा बलाम या द्रष्ट्याचा उल्लेख आहे. धंदेवाईक आशीर्वादकांनी ही कथा वर्षातून एकदा तरी वाचावी, असं मला नेहमी वाटतं.

आता घरात येऊ, कारण या सगळ्याचा खरा मुक्काम तिथेच आहे.

रूथच्या पुस्तकात बवाज हा जमीनदार कापणी चाललेल्या शेतात येतो. आल्या आल्या मजुरांना म्हणतो, परमेश्वर तुमच्याबरोबर असो. मजूर उलट त्याला म्हणतात, परमेश्वर तुम्हाला आशीर्वाद देवो. मालक मजुरांना आणि मजूर मालकाला. शेताच्या बांधावर, घामाघूम अवस्थेत, कुठलाही विधी न करता. आयर्लंडमध्ये काम करणाऱ्या माणसाजवळून जाताना, या कामावर देवाची कृपा असो, असं म्हणायची पद्धत रूढ झाली, ती याच घराण्यातली. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर अलेक्झांडर कारमायकेलने खेडोपाडी फिरून गेलिक भाषेतल्या प्रार्थना आणि गाणी टिपून घेतली आणि १९०० साली ती ‘कार्मिना गाडेलिका’ या नावाने छापली. त्यात चूल पेटवतानाचा आशीर्वाद आहे, रात्री निखारे राखेखाली झाकतानाचा आहे, गाईची धार काढतानाचा आहे, माग चालवतानाचा आहे. आपल्या जात्यावरच्या ओवीसारखंच हे. हात कामात आणि तोंडी आल्या-गेल्याचं, लेकराबाळांचं, गुराढोरांचं कल्याण. मार्टिन ल्यूथरने १५२९ च्या आपल्या छोट्या प्रश्नोत्तरीत सकाळ-संध्याकाळच्या आशीर्वादाची रीत घालून दिली आणि शेवटी सूचना लिहिली, की सकाळी आनंदाने कामाला लागा आणि रात्री लगेच, निवांत झोपी जा. धर्मसुधारणेच्या एवढ्या धामधुमीत माणसाच्या झोपेची काळजी वाहणारा हा ल्यूथर मला भारी आवडतो.

गोव्यात तिन्हीसांजेला रोझरी संपली, की मुलं घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्यापुढे जाऊन बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागत. अजूनही कित्येक घरांत मागतात. मागायचं म्हणजे नुसतं उभं राहून मान लववायची, काय हवंय ते सांगायचं नाही. परीक्षा, नोकरी, व्हिसा असली यादी त्यात नसते. आजी कपाळावर अंगठ्याने क्रूस काढते, की झालं. हा कपाळावरचा क्रूस बाप्तिस्म्याच्या दिवशी पहिल्यांदा काढला जातो. कॅथलिक विधीत आधी धर्मगुरू आणि मग आई-वडील व धर्ममातापिता बाळाच्या कपाळावर ही खूण करतात. पुढे शाळेला निघताना, ताप आला असताना, दुबईचं विमान पकडताना तीच खूण त्याच जागी होत राहते. भांडण करून झोपायला निघालेल्या पोरालाही ती चुकत नाही, आणि माझ्या मते तिची खरी किंमत तिथेच कळते. रागावलेल्या बापाला, राग धरूनही, पोराच्या कपाळाला हात लावावा लागतो.

आशीर्वाद माणसांवर थांबत नाही. भाताची पहिली कणसं हाती येतात तेव्हा गोव्यात कोंसाचं फेस्त होतं. राय गावात ते ५ ऑगस्टला असतं, ताळगावात २१ ऑगस्टला. फादर शेतात उतरून कणसांना आशीर्वाद देतात. मुंबईच्या ईस्ट इंडियन गावठाणांत हाच सण आगेरा म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी येतो. कणसं वाजतगाजत चर्चमध्ये आणतात, त्यांच्यावर प्रार्थना होते आणि मग ती घरोघर जातात. बहुतेक गावठाणांतली भातशेती केव्हाच इमारतींखाली गेली, तरी आगेरा सुटलेला नाही. ज्या पिकावर आपला हक्क आहे असं वाटतं ते आधी देवासमोर ठेवून मग परत घ्यायचं, असा त्याचा साधा हिशोब. जेवणाआधीच्या प्रार्थनेतही हेच घडतं. अन्न विकत आणलेलं असतं, रांधलेलं असतं, तरी पहिल्या घासाआधी ते आपलं नसतं.

हे सगळं करण्याचा अधिकार कुणाचा? यावर चर्चनिहाय बारकावे आहेत, त्यांत फार अडकायला नको. कॅथलिक चर्चची शिकवण अशी, की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण स्वतः आशीर्वाद होण्यासाठी आणि आशीर्वाद देण्यासाठी बोलावलेला आहे. १९८४ साली रोमने प्रसिद्ध केलेल्या आशीर्वादविधींच्या पुस्तकात काही विधी प्रापंचिकांनीही चालवावेत, अशी सोय आहे. तिथला एक फरक मात्र पाहण्यासारखा आहे. धर्मगुरू हात पसरतो आणि तुम्हाला आशीर्वाद मिळो असं म्हणतो. प्रापंचिक माणूस हात जोडलेले ठेवतो आणि शेवटी आपल्याला आशीर्वाद मिळो असं म्हणून स्वतःवरच क्रूसाची खूण करतो. तो स्वतःही घेणाऱ्यांच्या रांगेत उभा असतो. नियम म्हणून ही तांत्रिक बाब वाटेल, पण रोजच्या आशीर्वादाचा सारा स्वभाव त्यात उतरला आहे.

या स्वभावाच्या नेमकी उलट दिशा धरलेला एक बाजार आज जोरात आहे. मोठाले मंडप, भिंतींवर पत्रकं, आजार जाईल, कर्ज फिटेल, धंदा दुप्पट होईल अशी आश्वासनं आणि त्या बदल्यात आधी काहीतरी ‘पेरण्याचा’ आग्रह. आशीर्वाद म्हणजे भरभराट, हे समीकरण जुन्या करारात अजिबात नाही असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. अब्राहामाला कळप मिळाले, याकोबाला मेंढरं मिळाली. पण अब्राहामाला घरदार सोडायला सांगतानाच, तुझ्याद्वारे पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांना आशीर्वाद मिळेल, हेही बजावलं होतं. त्याचा वाटा वाटून टाकण्यासाठीच होता. आणि लूकच्या शुभवर्तमानात येशू धन्य म्हणतो ते गरिबांना, भुकेल्यांना, रडणाऱ्यांना. दुप्पट धंद्याच्या जाहिरातीत हे लोक बसत नाहीत.

लूकच्या त्याच प्रवचनात, थोडीच वचनं पुढे, सर्वांत अवघड आज्ञा येते: जे तुम्हाला शाप देतात त्यांना आशीर्वाद द्या. पौलाने रोमकरांस लिहिताना ती पुन्हा सांगितली, छळणाऱ्यांना आशीर्वाद द्या, शाप देऊ नका. पेत्राच्या पहिल्या पत्रातही ती आहे. पहिल्या पिढीतल्या ख्रिस्ती लोकांसाठी ही कल्पनेतली परिस्थिती नव्हती, छळणारे शेजारीच राहत होते.

शत्रूला आशीर्वाद द्यायचा म्हणजे नेमकं काय मागायचं? त्याचं कपट यशस्वी होवो, असं खचितच नाही. त्याने केलं ते ठीकच होतं, असंही नाही. पौलाने त्याच अध्यायात दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. सूड देवावर सोपवा आणि शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाला. पहिली गोष्ट हातातलं काहीतरी काढून घेते, दुसरी हाताला काम देते. काढून घेतला जातो तो त्या माणसावरचा आपला दावा, त्याचा निवाडा मीच करणार हा हट्ट. मुलाच्या कपाळावर क्रूस काढताना, कणसं देवापुढे ठेवताना जी सोडवणूक थोडी थोडी सरावाची झाली, तिचीच इथे पूर्ण कसोटी लागते. नव्या करारातलं याकोबाचं पत्र जिभेवर घसरतं तेही याच कारणाने. ज्या तोंडाने देवाची स्तुती, त्याच तोंडाने देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसाला शिव्याशाप, हे एकाच झऱ्यातून गोडं आणि खारं पाणी काढण्यासारखं आहे, असं ते म्हणतं.

आपल्या देशातलंच एक उदाहरण आहे. केरळमधल्या पुल्लुवळीच्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात उदयनगर भागातल्या आदिवासींमध्ये काम करत होत्या. सावकारी पाशातून सुटण्यासाठी लोकांना संघटित करत होत्या. ज्यांचं त्यात नुकसान होत होतं त्यांनी एका तरुणाला पुढे केलं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये त्याने चाकूने वार करून त्यांना ठार मारलं. त्याला जन्मठेप झाली. राणी मारियांची धाकटी बहीण सेल्मी पॉल यादेखील सिस्टर. २००२ मध्ये त्या इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि बहिणीच्या मारेकऱ्याच्या मनगटावर त्यांनी राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेसाठी कुटुंबाने पाठिंबा दिला आणि २००६ मध्ये तो बाहेर आला. २०१७ साली इंदूरमध्ये राणी मारियांना धन्यवादित घोषित करण्यात आलं.

यात राखी आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सिस्टरांनी लॅटिनमधला विधी शोधला नाही. त्या तरुणाला लहानपणापासून ज्याचा अर्थ ठाऊक होता तो धागाच त्यांनी उचलला. शिवाय खटला मागे घेतला नाही, तो चालला, निकाल लागला, माणसाने अकरा वर्षं तुरुंगात काढली. आशीर्वादाने न्यायालयाचं काम अडलं नाही. प्रत्येकाला हे जमावं अशी अपेक्षा धरणं मात्र क्रूरपणाचं होईल. मार खाणाऱ्या बायकोला नवऱ्यासाठी प्रार्थना कर म्हणून त्याच घरात परत धाडणारे सल्लागार आशीर्वादाच्या नावाखाली भलतंच काही खपवत असतात. सुरक्षित अंतरावरूनही माणूस देवाच्या हवाली करता येतो.

आणि दिलेला आशीर्वाद लागू पडला नाही तर? लूकच्या शुभवर्तमानात येशूने शिष्यांना दोघांदोघांच्या जोडीने गावोगाव पाठवलं तेव्हा याची तजवीज आधीच करून ठेवली होती. ज्या घरात शिराल तिथे आधी म्हणा, या घराला शांती असो. घर कसं आहे, माणसं लायक आहेत का, ही चौकशी आधी करायची नाही. तिथे शांतीचा माणूस असेल तर ती त्याच्यावर राहील, नसेल तर ती तुमच्याकडे परत येईल. म्हणजे खोट कुणालाच नाही. त्यापुढची सूचना अगदी व्यवहारी आहे: त्याच घरी राहा, चांगल्या पाहुणचारासाठी घरं बदलत फिरू नका आणि पानात जे पडेल ते खा.